क्लच पुन्हा पुन्हा सैल होतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी गाडीखाली मोबाइल ठेवून बघा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं ते कळेल. जुन्या पिकअपला गिअरबॉक्स आणि क्लच नव्यानं बसवलाय. पहिले चार दिवस गिअर लोण्यासारखे पडतात. मग एका सकाळी रिव्हर्स टाकताना खर्रर्र. क्लचची केबल दोन आटे आवळली की आवाज बंद. आठवड्यानं परत तेच, परत दोन आटे. शेवटी आवळायला आटेच उरत नाहीत आणि गॅरेजचा उस्ताद हात पुसत म्हणतो, "भिया, गिअरबॉक्स उतारना पड़ेगा."

मी दोनदा उतरवला. दोन्ही वेळा काही ना काही खराब सापडलं, ते बदललं, आणि दोन्ही वेळा खरखर परत आली. खरं कारण गिअरबॉक्सच्या आत नव्हतंच. दोन्ही वेळा ते माझ्या हातात आलं होतं आणि मी ते कापडानं पुसून जागेवर लावलं होतं.

गाडी आहे १९६४ ची विलीज पिकअप, फोर व्हील. काकांनी सिमरोलकडच्या शेतासाठी घेतलेली. मधली पंधरा-वीस वर्षं तिच्यात कुठलंसं डिझेल इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स होता. इंदूरला राजेंद्रनगरात घरी आणल्यावर मी ती मूळ रूपात न्यायचं ठरवलं. हरिकेन पेट्रोल इंजिन, त्यामागे तीन गिअरचा टी-९०, त्यामागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा. विलीजची ही पिकअप १९४७ मध्ये आली, फोर व्हीलचा व्हीलबेस ११८ इंच. आपलं नशीब असं की हेच इंजिन आणि हाच गिअरबॉक्स महिंद्राच्या जीपमध्येही आले. त्यामुळे प्लेट, बेअरिंग, सिंक्रो रिंग (गिअर न खरखरता पडावा म्हणून वेग जुळवणारी कडी) आजही मिळतात. थोडं हिंडावं लागतं, इतकंच. फक्त क्लच प्लेट मागताना नुसतं "जीपची द्या" म्हणू नका. या इंजिनावर साडेआठ इंची आणि सव्वानऊ इंची अशा दोन्ही प्लेटा आल्या आहेत. जुनी प्लेट हातात घेऊनच दुकानात जा.

हा दोष आहे की गिअरबॉक्सचा स्वभाव

टी-९० मध्ये सिंक्रो फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला आहे. पहिल्याला नाही, रिव्हर्सला तर नाहीच. गाडी हलत असताना पहिला टाकाल तर ती ओरडणारच. आजच्या गाड्या चालवून सवय झालेला माणूस हिच्यावर बसला की पाच मिनिटांत "क्लच गेलाय" म्हणून मोकळा होतो. माझा मेव्हणा असाच मोकळा झाला होता.

म्हणून आधी ही परीक्षा घ्या. गाडी उभी, इंजिन गरम, आयडलिंग कमी, न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबा आणि मनात दहा मोजा. मग सावकाश रिव्हर्स टाका. दहा मोजेपर्यंत गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याची) गरगर थांबायला हवी. गिअर आवाज न करता पडला तर क्लच ठीक आहे, तुम्ही घाई करत होता. दहा मोजूनही खरखर आली तर काहीतरी त्या शाफ्टला अजून फिरवतंय. फिरवणारे दोनच संशयित: एक तर प्लेट पूर्ण सुटत नाही, नाहीतर फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) मधोमध, क्रँकच्या टोकाशी बसलेला पायलट बुश शाफ्टला धरून ठेवतो.

दोघांतला कोण, हे गिअरबॉक्स न उतरवता कळतं. ही युक्ती मला फार उशिरा सुचली. केबल इतकी आवळा की पॅडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, शून्य होईल. परत दहा मोजा, परत रिव्हर्स. खरखर गेली तर चाल कमी पडतेय, म्हणजे पॅडल दाबलं जातंय पण तितकं फोर्कपर्यंत (क्लच सोडवणाऱ्या लिव्हरपर्यंत) पोचत नाही. तरीही खरखर राहिली तर बुश, किंवा वाकलेली प्लेट. परीक्षा झाली की केबल लगेच सैल करा. फ्री प्ले शून्य ठेवून गाडी चालवलीत तर फोर्क ज्याला ढकलतो ते रिलीज बेअरिंग सतत घासत राहील आणि जळेल. मी पॅडलला सव्वा इंच मोकळी चाल ठेवतो.

गरम-थंडाचाही फरक बघा. थंड असताना सगळं ठीक आणि गरम झाल्यावरच गिअर पडेनासा झाला, तर पहिला संशय बुशवर. थंड-गरम काहीही असो, आठवड्या-आठवड्यानं चाल कमी होत गेली, तर बाहेर शोधा. माझ्या गाडीत दोन्ही एकदम होतं, म्हणून इतका घोळ झाला.

पहिल्यांदा: निळा पडलेला बुश

रंगपंचमीला पुतण्या आणि त्याचे मित्र मागे बसले आणि गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, बघायला निघालो. राजवाडा बराच लांब होता तिथेच गर्दीत अडकलो. अर्धा तास हाफ क्लचवर सरकत होतो, वरून गुलाल, खालून इंजिनाची वाफ. मग कुठलाच गिअर पडेना. शेवटी इंजिन बंद करायचं, बंद इंजिनात पहिला गिअर टाकायचा आणि स्टार्टरवरच गाडी उचलायची, असं करत कशीबशी गल्लीतून बाहेर काढली. जुन्या गाडीवाल्यांना ही युक्ती माहीत असते. बाकीच्यांनी शिकून ठेवावी.

गिअरबॉक्स उतरवला तर पायलट बुश निळा पडलेला आणि शाफ्टच्या टोकावर पितळेचा पिवळा लेप. चूक माझीच. बाजारात तयार बुश मिळेना म्हणून मी लेथवर साध्या पितळेचा करून घेतला होता. मूळ बुश असतो तेल शोषणाऱ्या सच्छिद्र कांशाचा. तो बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा असतो. ग्रीस भरायचं नाही, त्यानं छिद्रं बुजतात. आणि ठोकून बसवला की तो आतून किंचित आवळतो, म्हणून बसवल्यावर शाफ्टचं टोक हातानं घालून फिरवून बघायचं. अडखळलं तर तो बुश तसाच ठेवू नका.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पायलट बुशला काम पडतं ते फक्त क्लच दाबलेला असताना. पाय सोडलेला असतो तेव्हा इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, बुश नुसता बरोबर फिरतो. म्हणून हायवेवर गाडी बिनआवाजाची चालते आणि सिग्नलला रडते. उस्ताद हायवेवर चक्कर मारून "मक्खन है" म्हणाला, तर त्या चकरेवरून बुशबद्दल काहीच कळलेलं नसतं.

नवा कांशाचा बुश, नवी प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. सगळं बसवलं. चारेकशे किलोमीटर झाले आणि खरखर परत आली.

दुसऱ्यांदा: डायल गेज

या वेळी बुश निळा नव्हता, पण तोंडाशी कर्ण्यासारखा पसरला होता. नवा बुश इतक्यात असा होतो तेव्हा दोष बुशचा नसतो. शाफ्ट त्याच्यात तिरका घुसत असतो.

शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या मागच्या तोंडात, बुशमध्ये टेकतं. मागचा भाग गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये. गिअरबॉक्स बसतो बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या, गोल भोकात. ते भोक क्रँकच्या मध्यावर नसेल तर शाफ्ट दर फेऱ्याला वाकवला जातो. प्लेटचा हब (मधला भाग) शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे खाचांवर, अडकतो, बुश झिजतो आणि कधीकधी दुसरा गिअरही सुटून उडी मारतो. बेलहाउसिंग मध्यावर राहावं म्हणून इंजिनाला जोडताना त्यात दोन डॉवेल बोल्ट असतात. ते बाकीच्या बोल्टांसारखे नुसते आवळत नाहीत. भोकात घट्ट बसून जागा ठरवतात. माझं इंजिन एका ठिकाणाहून आलेलं, बेलहाउसिंग दुसऱ्या. डॉवेलच्या जागी कुणीतरी साधे बोल्ट घातले होते. दिसायला सारखेच.

हे मोजायचं कसं ते नीट सांगतो, कारण एकाही गॅरेजनं मला हे आपणहून सांगितलं नाही. क्लच काढून टाका. सगळे स्पार्क प्लग काढा. डायल गेजचा (सुईनं बारीक सरक मोजणाऱ्या मापकाचा) चुंबकी पाय फ्लायव्हीलवर चिकटवा आणि गेजची सुई बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा. आता क्रँक फिरवायचा. विलीजला पुढून हँडल लागतं, त्याचा उपयोग इथे होतो. पुतण्या पुढे हँडल धरून, मी मागे गेजसमोर उकिडवा. दर पाव फेऱ्याला मी "थांब" म्हणायचो आणि खडूनं बेलहाउसिंगवरच आकडा लिहायचो. वर ०, मग ६, खाली १७, मग ११, आणि परत वर आलं की ०. हे सगळे थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज करून बघा: ० आणि १७, ६ आणि ११, दोन्ही १७. बेरजा जुळल्या म्हणजे भोक गोल आहे आणि मोजमाप बरोबर आहे. जुळल्या नाहीत तर गेजचा पाय हललाय किंवा कडेवर गंज आहे. पुसा आणि परत सुरू करा.

एकूण १७ थाऊ म्हणजे मध्य साडेआठ थाऊ सरकलेला. सर्वसाधारण मर्यादा एकूण ५ थाऊची धरतात, म्हणजे ०.१३ मिलिमीटर.

जुन्या रंगाचे पोपडे आणि बुरी (कडेला उठलेला धातू) घासून दोन्ही तोंडं साफ केली. बोल्ट नुसते बोटानं लावून लाकडी हातोड्यानं बेलहाउसिंग हळूहळू सरकवलं, आवळलं, मोजलं. सात-आठ खेपांनंतर ४ थाऊवर आलं. मग त्याच जागी डॉवेलची भोकं रीमरनं साफ करून सांवेर रोडच्या एका लेथवाल्याकडून त्या मापाचे जाडसर डॉवेल करून घेतले. त्याला माप सांगताना "दोन-तीन थाऊ इकडेतिकडे चालेल का" असं त्यानं विचारलं. चालत नाही.

हा दोष खरा होता आणि काढायलाच हवा होता. बुश त्यानंतर आजपर्यंत टिकलाय. पण वीस दिवसांनी रिव्हर्सला खर्रर्र.

मोबाइल

या वेळी आधी वर सांगितलेली परीक्षा घेतली. फ्री प्ले शून्य केला, खरखर गेली. म्हणजे चाल कमी पडतेय. आता ती कुठे हरवते ते शोधायचं.

या गाडीत पॅडलपासून फोर्कपर्यंत सगळं लोखंडी दुव्यांवर चालतं. पॅडल एका आडव्या नळीला फिरवतं. त्या नळीचं एक टोक चेसिसवर गोळीत बसलेलं, दुसरं गिअरबॉक्सच्या बाजूला. नळीचा लिव्हर केबल ओढतो, केबल फोर्क ओढते. प्रत्येक सांध्याला थोडी थोडी झीज असते. पॅडलजवळची झीज परवडते, फोर्कजवळची नाही. पॅडलच्या चार-पाच इंचांचे फोर्कपाशी जेमतेम अर्धा इंच होतात, तिथे एक सूत (इंचाचा आठवा भाग) गेलं तर पाव चाल गेली.

पुतण्या पॅडलवर, मी खाली पट्टी घेऊन. नळीचा लिव्हर साडेचार सूत हलत होता, फोर्क बेलहाउसिंगच्या हिशेबानं फक्त तीन. मधे नुसती केबल, ती तर ताणत नव्हती. दीड सूत गेलं कुठे? मी तीनदा मोजलं. मग पुतण्याच म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर या, मी फोन ठेवतो." विटेवर मोबाइल आडवा ठेवून स्लो मोशन लावलं आणि पाच वेळा पॅडल दाबलं.

व्हिडिओत फोर्क ओढला जाताना दिसतो आणि त्याच्याबरोबर अख्खा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केससकट, पुढे सरकतो. पाय सोडला की मागे. डोळ्यांनी खालून बघताना मला हे कधीच दिसलं नव्हतं, कारण माझी पट्टी गिअरबॉक्सलाच टेकवलेली होती आणि ती त्याच्याबरोबर हलत होती.

क्रॉस मेंबरवरचं गिअरबॉक्सचं रबरी माउंटिंग काढलं. वरून बघितलं तर शाबूत. बाजूनं नख लावलं तर रबर लोखंडी पट्टीवरून सालीसारखं सुटून आलं, आत काळं चिकट तेल. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मधल्या पॅकिंगमधून थेंब थेंब तेल थेट त्याच्यावर पडत होतं. फरशीवरचा तो डाग मी वर्षभर रोज बघत होतो आणि "जुनी गाडी आहे, थोडं गळणारच" म्हणत होतो. तेलानं रबर फुगलं, मऊ पडलं, पट्टीपासून सुटलं. केबल आवळली की काही दिवस भागायचं, तोवर रबर आणखी सुटायचं. आणि हेच ते, जे गिअरबॉक्स उतरवताना दोन्ही वेळा काढून पुसून परत लावलं होतं.

विलीजवाल्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्या जुन्या जीपला इंजिनाच्या मागच्या पट्टीपासून क्रॉस मेंबरपर्यंत एक जाड केबल दिलेली असायची, क्लच दाबल्यावर इंजिन पुढे सरकू नये म्हणून. ती तुटली की लोक काढून भंगारात टाकतात आणि मग क्लच धडधडतो म्हणून प्लेट बदलतात. तुमच्या गाडीवर तिची भोकं असतील तर केबल लावून घ्या. ताणून बसवायची नाही, नुसती ढिली राहणार नाही इतपतच.

मागचं माउंटिंग, पुढची दोन्ही, आणि ते पॅकिंग. सगळं मिळून जो खर्च झाला त्याच्या कितीतरी पट मी आधी प्लेटा-बेअरिंगांवर घालवला होता. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगळे करावे लागले, पण क्लचला हात लावला नाही.

उतरवायचाच असेल तर

सीट आणि फ्लोअरचं झाकण काढा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडताना जोडावर खुणा करा. क्रॉस मेंबर काढण्याआधी इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लावा, नाहीतर इंजिन मागे कलतं आणि पंखा रेडिएटरला भिडतो. ट्रान्सफर केससकट गिअरबॉक्स दोन माणसांना पेलवत नाही. चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक किंवा चेनपुली हवी, आणि गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) हवी, नुसत्या जॅकवर नको.

चढवताना दोन लांब बोल्टांची डोकी कापून त्यांच्या खुंट्या करा आणि त्यांवरून गिअरबॉक्स सरकवा. एकदा तो इनपुट शाफ्टवर लोंबकळला की सगळं वजन प्लेटच्या हबवर येतं आणि नवीकोरी प्लेट तिथेच वाकते. शेवटचा बोटभर गॅप बोल्ट आवळून मिटवायचा मोह होतो. करू नका. गॅप उरलाय म्हणजे शाफ्ट बुशमध्ये गेलेला नाही. आवळलं तर बेलहाउसिंगचा कान तडकतो. जुना इनपुट शाफ्ट प्लेट मध्यावर धरायला सगळ्यात उत्तम. लोहामंडीत भंगाराच्या भावात मिळाला तर घेऊन ठेवा. प्लेटचा स्प्रिंगवाला फुगीर हब गिअरबॉक्सकडे, सपाट बाजू फ्लायव्हीलकडे. स्प्लाइनवर ग्रीस नखभर, जास्त नको.

पुढच्या बेअरिंगच्या झाकणाचं पॅकिंग लावताना तेल परत जायचं भोक बुजवू नका, नाहीतर गिअर ऑइल थेट क्लचवर येतं. तेल ८०डब्ल्यू-९०, पण जीएल-४. जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना खातात, दुकानदार कितीही "ज्यादा अच्छा है" म्हणाला तरी.

थोडक्यात बाकीची दुखणी

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी वाढत नाही, ती स्लिप. प्लेट झिजली किंवा तेलकट झाली. सोडताना धडधड, तर आधी माउंटिंग, मग प्लेट. पाय ठेवला की चिरचिर आणि काढला की बंद, तर रिलीज बेअरिंग. आणि पावसाळाभर शेतावर उभी राहिलेली गाडी काढली आणि क्लच सुटतच नाही, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. आपल्या माळव्याच्या ओलीत हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. मोकळ्या जागेत, क्लच दाबून, तिसऱ्या गिअरमध्ये स्टार्ट करून ब्रेकवर झटका दिला की बहुतेक वेळा सुटते. समोर भिंत नसावी.

माउंटिंग बदलल्यापासून भेरूघाट चार वेळा चढून-उतरून झालाय, एकदा मागे सोयाबीनची पोती असताना. केबल एकदाच, अर्धा आटा आवळली. रिव्हर्सला अजूनही मी दोन मोजून थांबतो. फरशीवर डाग नाही, पण खाली पुठ्ठा टाकून ठेवलाय, रोज सकाळी बघतो.